बाहेर न दिलेला आवाज

दुकानातला तिसरा अ‍ॅम्प्लिफायर लावून पाहताना रंजिताला ते कळलं, आणि ज्यांनी सांगितलं त्या दुकानदार देवीलालभाऊंना आपण काही सांगून बसलोय याची गंधवार्ताही नव्हती. ते खाली वाकून भिंतीतल्या सैल सॉकेटमध्ये प्लग खुपसत होते, आणि प्लग बसत नव्हता म्हणून बोलणं लांबत होतं. "मी तं म्हणतो पोरी, सोताचा अ‍ॅम्प असलाच पाह्यजे. आपला डब्बा आपल्या मांगं. दुसऱ्याच्या मिक्सरच्या भरोशावर राह्यलं का मंग तसं होते, तुह्या गॅदरिंगमंदी झालं तसं." रंजितानं गिटारची वायर लावता लावता विचारलं, "काय झालं होतं गॅदरिंगमध्ये?" प्लग बसला. देवीलालभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. "अवं, तुही गिटार बाहेरच्या स्पीकरमंदी दिलीच नोती न आपण. साउंड माह्याच होता. तो राजदीप आल्ता मिक्सरवर. म्हणे, भाऊ, पोरीची लाइन बाहेर देऊ नका, फक्त तिच्या पायाजवळच्या मॉनिटरमंदी द्या. मी म्हटलं, मले काय करायचं, तुमचं तुमी पाहा." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुले माहीत नोतं? मले वाटलं तुमचं ठरून होतं."

"ठरूनच होतं," रंजिता म्हणाली, आणि तिनं तारेवरून हात फिरवला.

बाहेर दत्त चौकाकडे जाणाऱ्या ऑटोंची पोंपों चालली होती. अ‍ॅम्पमधून ‘जी मेजर’ कॉर्ड निघाली आणि बासऱ्यांच्या कपाटाची काच किंचित किणकिणली. आवाज असा असतो, हवेला धक्का देतो, हवा काचेला धक्का देते. हे ती क्लासमधल्या पोरांना रोज शिकवत होती. एमेस्सी झाल्यापासून यवतमाळातल्या एका कोचिंग क्लासात ती फिजिक्स शिकवायची, आणि ध्वनीचा धडा तिचा आवडता होता. माध्यम नसेल तर ध्वनी नाही, एवढं एक वाक्य ती फळ्यावर लिहायची आणि खाली दोन रेघा मारायची. आता त्या सभागृहातल्या दोन वर्षांपूर्वीच्या संध्याकाळमधून कुणीतरी हवा काढून घेतली होती. तिनं ती संध्याकाळ पुन्हा आठवून पाहिली. तोच जांभळा पडदा, तेच डोळ्यांवर येणारे दिवे, पायाशी तिरका ठेवलेला मॉनिटरचा काळा खोका आणि त्यातून स्वच्छ, अगदी स्वच्छ येणारी तिची गिटार. तिसऱ्या गाण्यात तिचा सोलो होता. तिनं डोळे मिटले होते. बोटं आपोआप वर सरकत गेली होती, आणि शेवटचा स्वर ताणून धरताना तिला वाटलं होतं की आपण आत्ता पाचशे माणसांच्या छातीत आहोत. पाचशे माणसांनी पाहिली होती ती डोळे मिटलेली, बोटं हलवणारी मुलगी, जिच्यातून काहीच येत नव्हतं. पडद्यावरच्या चित्रासारखी. कुणी हसलं असेल का? बहुतेक नाही, कारण कुणाला कळलंच नसेल. कीबोर्ड होता, ड्रम होते, राजदीपची गिटार होती. एवढ्या गोंगाटात एक आवाज कमी आहे हे कळायला तो आवाज आधी माहीत असावा लागतो. आणि तो कुणालाच माहीत नव्हता. तालमीच्या वेळी कॉलेजात एकच अ‍ॅम्प होता, त्यात राजदीपची वायर. रंजिता आपली इलेक्ट्रिक गिटार कोरडीच वाजवायची, वायरीविना, डासाच्या गुणगुणण्याएवढ्या आवाजात, ड्रमच्या शेजारी बसून. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. बोटं तर बसतायत ना, असं ती म्हणायची.

"कसा आहे?" देवीलालभाऊंनी विचारलं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "आधीचा परत लावता?"

आधीचा म्हणजे दुसरा. नागपूरच्या कुण्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा, व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प, मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या निखाऱ्यासारख्या लालसर दाखवणारा. तो तापायला वेळ घ्यायचा आणि मग त्याच्यातून येणाऱ्या स्वराला थोडी रेती लागलेली असायची, उन्हात वाळलेल्या गळ्यासारखी. पहिल्यांदा वाजवला तेव्हा तिच्या हातावर काटा आला होता. हाच घ्यायचा, असं तिनं ठरवलंही होतं. तिसरा नुसता पाहायचा म्हणून लावला होता. प्रेरणाला फोन करून सांगणार होती, मिळाला म्हणून. प्रेरणा दारव्ह्याची, कॉलेजातली मैत्रीण, गळा असा की माइकची गरज नाही. बँडमधला तिसरा अमर, रंजिताच्या तांड्याच्या पलीकडल्या गावचा, हलगीपासून सुरुवात करून आता ड्रमवर आलेला. तिघांचा बँड होऊन महिना झाला होता. नाव अमरनं ठेवलं होतं, थ्री फेज. "कायले पाह्यजे दुसरं नाव?" तो म्हणाला होता. "तिघं जण हाओत. आन् थ्री फेज आली का अख्खा तांडा धावते मोटर चालू कराले. आपला प्रोग्राम बी तसाच पाह्यजे." रंजिताच्या आयुष्यातला हा पहिला बँड. गॅदरिंगचा तो ग्रुप राजदीपचा होता. तिला त्यात घेतलं होतं. घेतलं कशाला होतं, ते आता कळलं होतं. मुलगी स्टेजवर असली की परीक्षकांना बरं वाटतं. बक्षीसही मिळालं होतं. फोटोत ती मधोमध उभी होती.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत तिला आई, तिची याडी, आठवली. त्या संध्याकाळी याडी आणि बापू आर्णीहून एसटीनं आले होते. उत्तमसिंग राठोड पांढराशुभ्र सदरा घालून मागच्या रांगेत ताठ बसलेला, शेजारी सुखीबाई. कार्यक्रम झाल्यावर सुखीबाईनं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली होती आणि म्हणाली होती, "तुझा बाजा सगळ्यात गोड होता. मी ओळखला बरोबर." आणि तिथंच, माणसांच्या लोंढ्यात, तिनं ती चाल गुणगुणून दाखवली होती. ती चाल कीबोर्डची होती. रंजिता तेव्हा हसली होती. आईला वाद्यं वेगळी ओळखता येत नाहीत, त्यात काय एवढं, म्हणून तिनं ती चूक तशीच राहू दिली. पुढे सुखीबाई ती चाल सारखी गुणगुणायला लागली. चुलीपुढं, सोयाबीन निंदताना, न्हाणीतून येताना. तिचं स्वतःचं गाण्याचं पोतं भरलेलं होतं, लेकी सासरी जाताना गळ्यात पडून गायचा ढावलो तिच्यासारखा तांड्यात कुणी म्हणत नसे, पण त्या सगळ्या गाण्यांमध्ये तिनं लेकीची म्हणून ही एक परकी चाल जपून ठेवली होती. आता रंजिताला कळलं की आईनं चूक केलीच नव्हती. तिच्या कानापर्यंत जेवढे आवाज आले, त्यातला सगळ्यात गोड तिनं लेकीच्या नावावर केला. यात तिचं काय चुकलं? लेकीचा आवाज तिच्यापर्यंत आलाच नाही. तो यवतमाळच्या त्या सभागृहात, मिक्सरच्या एका खाली ओढलेल्या बटणामागं राहिला.

राग असा एकदम येत नाही. निदान रंजिताला आला नाही. आधी एक कुतूहल आलं, प्रयोगशाळेत एखादा आकडा चुकीचा आला की यायचं तसं. हे नेमकं कसं केलं असेल, कुठली लाइन कुठं गेली असेल. मग हे उलटं करता येईल का. तिनं व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर एक स्वर वाजवला. पुन्हा काटा आला. "ह्याला हेडफोनचा सॉकेट आहे का?" तिनं विचारलं.

"याले कुठचा! जुना माल आहे हा. आन् याचा स्पीकर काढसान तं आतून जळते. याले बोलूच द्या लागते."

"आणि तिसऱ्याला?"

"त्याले आहे न. हे काय. हेडफोन खुपसला का स्पीकर बंद. घरचे झोपले असन तं आपल्या आपल्या कानात वाजवत बसायचं."

तिनं स्वतः लावून पाहिलं. चाळीस वॅट, बारा इंची स्पीकर, चकचकीत आणि थोडा बेचव स्वर, डेअरीच्या दुधासारखा. हेडफोनची पिन आत गेली आणि दुकान गप्प झालं. कानात मात्र गिटार भरून वाजत होती, मोठी, उजळ, सभागृहाच्या मध्यावर उभं असल्यासारखी. समोर देवीलालभाऊ कुण्या गिऱ्हाइकाला तबल्याची हातोडी दाखवत होते. त्यांचे ओठ हलत होते. ती जोरात सोलो वाजवत होती आणि कुणीही मान वळवली नाही. तिनं पिन काढून पुन्हा घातली. पुन्हा काढली. ते एवढंसं टक्‌ तिला त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या स्वरांपेक्षा आवडलं.

"हा द्या," ती म्हणाली. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प देवीलालभाऊंनी बंद केला तेव्हा त्याच्या नळ्या लगेच विझल्या नाहीत. ती ऑटोत बसेपर्यंत काचेतून लाल दिसत होत्या.

राजदीपला आवाजानं हरवता येणार नाही हे तिनं आधीच मांडून पाहिलं होतं. माणसाचा कान हिशेबाला कच्चा असतो. दुप्पट मोठं ऐकू यायला शक्ती दहापट लागते. राजदीपकडे आता स्वतःचा सेट होता, लग्नांच्या वरातींचा, भिंतीएवढा. त्याच्या दुप्पट व्हायला तिला आख्खं सबस्टेशन लागलं असतं. पण शून्याला असा काही नियम नाही. शून्य सगळ्यांसाठी सारखं असतं, आणि ते कानाला लगेच कळतही नाही. हा विचार तिला इतका नेमका वाटला की एसटीत आर्णीपर्यंत ती तोच उलटसुलट करत राहिली, अ‍ॅम्प मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "ताई, टीव्ही घेतला का?" ती म्हणाली, "हो." खिडकीतून तुरीची रानं मागं जात होती आणि अ‍ॅम्पच्या कोपऱ्याचं लोखंड मांडीत रुतत होतं. तिनं तो सरकवला नाही.

राजदीपला फोन तिनं तांड्यावर पोचल्यावर केला. "तीजच्या सणाला आमच्या तांड्यावर पहिला प्रोग्राम आहे आमच्या बँडचा. तू येशील? गेस्ट म्हणून. लीड गिटार."

"काहून नाही येणार?" राजदीप खूश झाला. "तांड्यात माहोल मस्त असते. रील बी होते. पण तू? तू काय वाजवशील मंग?"

"मी मिक्सरवर बसते. आवाज सांभाळते."

"हे बेस्ट. तुले तसंही टेक्निकल समजते."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. ती फोन कानाला लावून ते शोधत राहिली, एखादी अडखळ, एखादा जास्तीचा श्वास. काहीच नाही. तो विसरला होता. याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला, की जिच्याभोवती आता तिचे दिवस फिरत होते ती गोष्ट त्याच्याकडे उरलेलीच नव्हती.

प्रेरणा मात्र भडकली. "येडी झाली का तू? आपला पहिला प्रोग्राम, आन् गिटार तो वाजवणार? एवढा अ‍ॅम्प कायले आणला मंग, पूजा कराले?" रंजिता म्हणाली, त्याचं नाव आहे, लोक येतील. प्रेरणा तिच्याकडे पाहत राहिली. "तुह्या तांड्यावर लोकायले बोलवाले राजदीप लागते? तुही माय कधीची म्हणून राह्यली, माह्या पोरीची गिटार ऐका म्हणून." रंजितानं वायर गुंडाळत मान खाली घातली. आईला सांगायचं होतंच. पण आधी हे. हे एकदा झालं की मग सगळं. दोन्ही एकदम होणार नव्हतं, अ‍ॅम्प एकच होता.

तीजचे गहू पेरायच्या दिवशी तांड्यातल्या लग्नाच्या पोरी नायकाच्या, तांड्याच्या मुखियाच्या, अंगणात जमल्या. बांबूच्या दुरड्यांत वारुळाची माती, शेणखत, त्यात भिजवलेले गहू. मग बोरडी. बोरीची काटेरी फांदी मधोमध रोवायची, पोरींनी भिजलेले हरभरे एकेक करून काट्यांच्या टोकांवर खोवायचे, आणि त्याच वेळी पोरांनी फांदी गदागदा हलवायची. दरवर्षीचा खेळ. पोरी किंचाळतात, पोरं चेकाळतात, हरभरे सांडतात, बोटांना रक्त येतं. रंजिता आता त्यांच्यात वयानं मोठी होती; या वर्षी शेवटचीच तीज असं सगळे म्हणत होते. तिनं हरभरा घेतला आणि काट्यावर टोचला. फांदी हलली. तिनं दुसरा घेतला. तिचा चुलतभाऊ संजय दोन्ही हातांनी फांदी झोडपत होता आणि ती शांतपणे एकेक काटा भरत होती, डोळे न हलवता. "लागत नाही का तुले?" शेजारची जमनी म्हणाली. रंजितानं बोट पाहिलं. काटा आत घुसला होता आणि तिला कळलंच नव्हतं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी कातड्यासारखी घट्ट झालेली होती. ही बोटं कोरड्या गिटारवर घट्ट झाली होती, तालमीत, ड्रमशेजारी. तिनं काटा काढला आणि पुढचा हरभरा घेतला. त्या दिवशी सगळ्यांत जास्त हरभरे तिचे बसले. बायका म्हणाल्या, हिला चांगला नवरा मिळणार. ती राजदीपचा विचार करत होती, त्याच्या बोटांचा, तो डोळे मिटून शेवटचा स्वर ताणेल त्या क्षणाचा.

मग गहू अंधारात वाढू लागले. पोरी सकाळसंध्याकाळ पाणी घालायच्या आणि गात गोल फिरायच्या. ऊन लागू न दिल्यानं अंकुर पिवळट, लांब आणि ताठ होत गेले. क्लासातून सुटी घेतलेली रंजिता रोज त्यांना पाणी घालून घरी यायची आणि अ‍ॅम्प लावायची. घराला अर्थिंग धड नव्हतं, त्यामुळं चालू केला की आधी वीजपुरवठ्याची जाड भुणभुण यायची. तारांना हात लावला की ती विझायची, कारण अंगातूनच तिला वाट मिळायची. हात उचलला की पुन्हा. ती कितीतरी वेळ नुसती हात लावत आणि उचलत बसायची. मग हेडफोन घालून वाजवायची, म्हणजे याडीला ऐकू जाऊ नये. भाकरी थापता थापता सुखीबाई आत डोकावायची आणि लेकीची हलणारी बोटं बघून समाधानानं तीच चाल गुणगुणत परत जायची. हेडफोनमधून ती ऐकू येत नसे, पण ओठांवरून रंजिताला ओळखू यायची.

कार्यक्रम दुपारचा होता. पाऊस उघडला होता, नायकाच्या अंगणात ताडपत्रीखाली अ‍ॅम्प, ड्रम, भाड्याचे दोन मोठे खोके. मधोमध हिरव्यापिवळ्या दुरड्या. राजदीप मोटारसायकलवर आला, काळा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. रामधन नायकांनी त्याला गंध लावलं. रंजितानं त्याच्या हातात वायर दिली. "मॉनिटर नाहीये. इयरफोन अ‍ॅम्पला लाव, तुझं तुला कानात ऐकू येईल. मागून लाइन मिक्सरला घेतली आहे." त्यानं मागची वायर पाहिली, मान डोलावली, इयरफोन कानात बसवले. त्याला ते आवडलंच. मोठ्या स्टेजवरचे लोक असेच दिसतात. त्यानं पिन आत घातली. टक्‌. तेवढा आवाज फक्त तिला आला.

तिनं मिक्सरवर त्याचं बटण खाली ओढलेलं ठेवलं आणि त्याच्यावर बोट ठेवून बसली. प्रेरणा गायली, अमरनं तांडा हलवला, पोरं नाचली, म्हाताऱ्या टाळ्यांचा ठेका धरून बसल्या. दुसऱ्या गाण्यात त्याचा सोलो आला. तो पुढं झाला, गुडघे किंचित वाकवले, चेहरा वर केला आणि डोळे मिटले. ड्रमच्या तालावर तिथं एक भलीमोठी पोकळी उघडली होती, आणि त्या पोकळीत तो उभा राहून बोटं हलवत होता. प्रेरणानं चमकून मिक्सरकडे पाहिलं. रंजितानं पाहिलं नाही. ती त्याचा चेहरा पाहत होती. हा चेहरा तिनं पाहिला होता. गॅदरिंगच्या व्हिडिओत, स्वतःचा. तोच मूर्ख, सुखी, उघडा चेहरा. तिच्या पोटातून थंडगार काहीतरी खाली उतरत गेलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी उतरतं तसं, आणि तिला वाटलं हे संपूच नये. मग त्यानं एका कानातला इयरफोन बोटानं सरकवला, केस मागं केल्यासारखं करून, आणि पुन्हा बसवला. चौथ्या गाण्यापर्यंत तो वाजवत राहिला. कुठंही चुकला नाही.

शेवटी नायकांनी त्याला नारळ आणि शेला दिला. "चोखो बजायो, बेटा," ते म्हणाले. तांड्यावर आलेल्या पाहुण्याला काही चांगलं बोलल्याशिवाय पाठवत नाहीत, आणि गिटार हे वाद्य असंच नाजूक असणार, अशी सगळ्यांनी आपली समजूत करून घेतली होती. सुखीबाईनंही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "लय गोड वाजवलं लेकरा." राजदीप वाकून पाया पडला. मग दुरड्या डोक्यावर घेऊन पोरी रडत-गात नाल्याकडे निघाल्या आणि सगळा तांडा त्यांच्यामागं गेला. प्रेरणा जाताना रंजिताजवळ थांबली. "तू जे केलं न, ते आपल्या प्रोग्रामात केलं," एवढंच म्हणाली. अमर तिच्या मागोमाग गेला. रंजिताही दुरडी उचलणार होती, पण तिनं जमनीला सांगितलं, माझी घेऊन जा.

अंगणात दोघंच उरले. राजदीप वायर गुंडाळत होता, हळूहळू, कोपरावर फेऱ्या घेत.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"दुसऱ्याच गाण्यात."

"मग थांबला काहून नाही?"

"थांबून काय सांगतलं असतं? एवढे लोक पाहून राह्यले होते न." तो हसायचा प्रयत्न करत होता. "थांबलो असतो तं सगळ्यायले कळलं असतं. नाही थांबलो तं शेला भेटला." त्यानं शेल्याला हात लावला. "झाला न हिशेब? मी सोडून देतो, तू बी सोडून दे. देवीलाल बोलला असन. ते तं कॉलेजातलं होतं, रंजिता. एवढं कोणी मनात ठेवते?"

तिला वाटत होतं की इथं काहीतरी फुटेल. त्याचा चेहरा पडेल, किंवा तिच्या आतली गाठ सुटेल. काहीच झालं नाही. त्याला शून्यावर ठेवलं तरी तो तिथून शेला घेऊन निघाला होता. "मी इतकी वाईट वाजवत होते का?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिला विचारायचा नव्हता.

राजदीप खरोखर आठवू लागला. वायर हातात तशीच. "मले नाही माहीत," तो म्हणाला. "तुही गिटार मी कधी ऐकलीच नाही. तालमीत ऐकू येतच नोती. म्हटलं, रिस्क कायले घ्याची."

त्यानं हे इतकं साधेपणानं सांगितलं की तिला क्षणभर कळलंच नाही. त्यानं तिला ऐकून नाकारलं असेल, असं ती इतके दिवस धरून चालली होती. सगळी रचना त्यावर उभी होती. त्यानं तेवढीही तसदी घेतली नव्हती. तिनं त्याच्या हातातली वायर घेतली, फेऱ्या उलगडल्या, घरातून स्वतःची गिटार आणली. इयरफोनची पिन उपटून काढली. अ‍ॅम्पची भुणभुण अंगणभर पसरली. तिनं तारांना हात लावला आणि ती विझली.

"आता ऐक," ती म्हणाली.

त्या सोलोतला पहिला स्वर तिनं काढला, दोन वर्षांपूर्वीचा. अंगण मोकळं होतं, समोरच्या पत्र्यावरून आवाज परत आला, कोंबड्या पांगल्या. चकचकीत, बेचव, तिचा नसलेला स्वर. दुकानातला दुसरा अ‍ॅम्प तिच्या डोळ्यांपुढं लाल होऊन गेला. तोही याच माणसापायी तिथं राहिला होता. राजदीप गाडीकडे वळला. "मी निघतो, अंधार होईन."

"थांब."

नाल्याकडून बायका परत येत होत्या. ओले पाय, रिकाम्या दुरड्या, कानामागं खोचलेले गव्हाचे अंकुर. सगळ्यांत पुढं सुखीबाई. कुंपणाजवळ ती थबकली. "कुण बजारो छ?" तिनं मागच्या बाईला विचारलं. कोण वाजवतंय. मग लेकीला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला, पण कपाळावर आठी तशीच राहिली. तिच्या कानात जे होतं ते आणि हे जुळत नव्हतं. "हे येगळं आहे," ती म्हणाली. "तुझं ते वाजव न. कॉलेजातलं." आणि तिनं दोन ओळी गुणगुणून दाखवल्या.

राजदीपला ती चाल ओळखू आली. रंजितानं ते पाहिलं. त्याची मान खाली गेली, आज पहिल्यांदाच.

"ते माझं नव्हतं, याडी," ती म्हणाली. तिचा स्वर तिला वाटला होता त्यापेक्षा कोरडा निघाला. "ते दुसरं वाद्य होतं. माझा आवाज बाहेर आलाच नव्हता त्या दिवशी. यानं बंद करायला लावला होता."

सुखीबाईनं राजदीपकडे पाहिलं, त्याच्या खांद्यावरच्या शेल्याकडे पाहिलं. तिच्या तोंडात ती चाल अर्धी राहिली होती आणि ती पुरी करावी की थुंकावी हे तिला कळत नसल्यासारखे तिचे ओठ किंचित हलले. मागच्या बायका थांबल्या होत्या. त्यांच्यात प्रेरणा होती. मग सुखीबाईनं रिकामी दुरडी जमिनीवर पालथी घातली, पदर सावरला आणि अ‍ॅम्पच्या अगदी समोर, ओल्या मातीत बसली.

"मंग हे तुझं?"

"हो."

"बजा." आणि मान न वळवता ती राजदीपला म्हणाली, "तू बी बस. जाऊ नको. तू बी नाही ऐकलं."

तो उभाच राहिला. बायका त्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन खाली बसत गेल्या, त्यांच्या दुरड्यांनी वाट बुजत गेली, आणि मग एकटं उभं राहणं जमेना तेव्हा तोही बसला, शेला मांडीवर घेऊन, स्पीकरपासून हातभर अंतरावर. रंजितानं तारांवर हात ठेवला. राजदीपचा हात नकळत कानाकडे जाताना तिनं पाहिला, आणि आवाजाचं बटण आणखी थोडं वर फिरवलं.